अंडी धरलेली दोरी

६ मार्च १९६१

बार्तुल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुला घाम फुटला असेल. फुटू दे. बायको मेली असं कुणीतरी कळवतंय असं वाटलं असेल, तर तसं नाही. मी ठणठणीत आहे. आपला दिंको सापडत नाही.

गेल्या आठवड्यात एका सकाळी तो होडी घेऊन स्मोकोवाच्या खाडीत गेला. माकुळं यंदा लवकर काठाला लागलीत. डोळ्यांवरची काच, श्वासाची नळी, पायातले रबरी पंख, भाला, डब्याची दोरी, सगळं घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आई, कांदा चिरून ठेव, रात्री शाईतला काळा भात." मी चिरून ठेवला. दुपारी डोंगरावरून बोरा सुटला. तो वारा सुटला की आपण दारंसुद्धा आतून बांधून घेतो, तुला माहीत आहे. वारा पडेपर्यंत कुणाला बाहेर काढता आलं नाही. मग शिमुन भावोजी आणि गावातले पुरुष होड्या घेऊन गेले. ना होडी, ना वल्हं, ना दिंको.

परवा पोलीस आले. त्यांतला जाडा ऐटीत खुर्चीवर बसून म्हणाला, "सैन्याचं बोलावणं आलेलं, बाप इटलीत पळालेला, होडी गायब. बाई, यात शोधायचं काय राहिलं? पोरगा बापाकडे गेला." एरवी असं बोलणाऱ्याला मी झाडूने हाकललं असतं. त्याला मात्र मी द्राक्षाच्या दारूचा पेला भरून दिला. तू आम्हाला टाकून रातोरात वल्हवत पळालास, त्या गोष्टीचा आठ वर्षांत मला पहिल्यांदा आधार वाटला.

तुझा पत्ता शिमुन भावोजींनी दिला. भावाला तू दर नाताळाला कार्ड पाठवतोस हे मला आत्ता कळतंय. असो. त्याबद्दल भांडायला मी नंतर वेळ काढीन.

दिंको तुझ्या दाराशी आला तर आधी दोन ठेवून दे, मग गरम सूप दे. आणि मला एवढंच लिही की पोचला.

पेरिना


२५ मार्च

बार्तुल,

तुझं पत्र मिळालं. चार पानं! लग्नाआधीसुद्धा तू मला कधी चार पानं लिहिली नव्हतीस. अंकोनाला पळून आलेल्यांच्या छावणीत रोज संध्याकाळी जातोस, फोटो दाखवतोस, नवीन आलेल्या पोरांना सिगरेटी देऊन बोलतं करतोस, हे वाचलं. शोध. एखादा महिना उशिराही पोचतात म्हणे. मधल्या बेटांवर लपून राहतात.

तू विचारलंयस, जाताना त्याने कपडे घेतले का, पाव घेतला का. त्याची कपड्यांची पेटी अजून उघडली नाही. उघडून कळवते.

मी सध्या पाण्यात उतरते. हसू नकोस. शिमुन भावोजींची कंबर धरली आहे, त्यांचे माकुळांचे पिंजरे कुणीतरी बघायला हवेत ना? दिंकोची जुनी काच घरात होती, रबर चिरलेलं आहे पण पाणी फारसं शिरत नाही. जुना परकर आणि तुझं एक राहिलेलं बनियन घालते. फुमा, आपली जाऊबाई, धक्क्यावरून ओरडली, "पेरिना, या वयात असली उघडी फिरलीस तर मासे लाजून इटलीला जातील!" मी म्हटलं, "जाऊ देत, तिकडे तुझा दीर आहे, तो पकडेल." धक्क्यावरच्या सगळ्या बाया हसल्या. नंतर फुमाने तोंड फिरवून डोळे पुसले ते मला दिसलं. मी पिंजरे बघायला उतरत नाही हे तिलाही कळतं.

लहानपणापासून मी किती माकुळं साफ केली असतील! शाईची पिशवी काढायची, पाठीतलं समुद्रफेन उपसून पक्ष्याच्या पिंजऱ्यात टाकायचं, संपलं. ओट्यावर माकूळ नुसतं पांढरं लिबलिबीत असतं. त्याला डोळे असतात हे माहीत होतं, पण ते डोळे बघतात हे माहीत नव्हतं. काल एक माझ्यासमोर हातभर अंतरावर थांबलं. तापत्या दुधावरची साय हलावी तसे त्याच्या अंगावरून पट्टे सरकत होते. डोळ्याची बाहुली वाकवलेल्या तारेसारखी. पुढचे दोन हात वर करून ते माझ्याकडे बघत राहिलं, मग मी कामाची नाही असं ठरवून हळूच मागे सरकलं. दिंको मला सांगायचा, "आई, तू एकदा ये बघायला." मी म्हणायचे, मला भांडी आहेत.

पेटी बघून लिहिते.

पेरिना


१२ एप्रिल
(हे टपालात टाकायचं नाही.)

बार्तुल,

सापडला.

स्मोकोवाच्या डाव्या अंगाला, जिथे कडा सरळ पाण्यात उतरतो, तिथे एक दोरी उभी आहे. पाण्यात दोरी उभी कशी राहील म्हणून मी खाली गेले. न बुडणारी दोरी आहे. वरचा तरंगता डबा वाऱ्याने तोडून नेला असेल. खालचं टोक कपारीत गेलंय. दोरीत मध्ये मध्ये लाल लोकर गुंफलेली आहे. ती लोकर मी दिंकोला दिली होती, स्वतःची दोरी ओळखता यावी म्हणून.

दोरीवर माकुळांनी अंडी घातली आहेत. काळ्या द्राक्षांचे घोस लटकावेत तशी, वरपासून खालपर्यंत. मी गेले तेव्हा एक मादी दोरीला सगळ्या हातांनी मिठी मारून एकेक अंडं गाठीसारखं बांधत होती आणि नर पट्टे फुगवून तिच्यावर पहारा देत होता. तिचं होईपर्यंत मी वर येऊन श्वास घेत राहिले. का थांबले, मला सांगता येणार नाही. मग ती गेली आणि मी कपारीत बघितलं. आत रबरी पंख दिसला. एकच. पाणी हललं की हलायचा. त्याहून आत जायला मला श्वास पुरत नाही. पुरला असता तरी गेले नसते.

वर आले. रोज अंग पुसायला आणि गुंडाळून बसायला मी त्याचा लोकरी कोट नेते. तो घालून दगडावर बसले. रडू आलं नाही. थंडी वाजत होती तेवढी वाजली.

आता गावात जाऊन सांगायला हवं. दोरी धरून ओढतील, त्याला वर काढतील. पण आपल्या खाडीचा नियम तुला ठाऊक आहे. अंडी धरलेली फांदी उपसायची नाही. माद्यांना ओढायला पिंजऱ्यात घातलेल्या तमालपत्राच्या फांद्यांवर अंडी दिसली की त्या दगडाला बांधून परत पाण्यात सोडायच्या, पोरं बाहेर पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तुझे वडील म्हणायचे, ज्याच्या अंगणात अंडी वाळली त्याच्या घरात पाळणा हलत नाही. मी स्वतःला सांगते की त्या नियमासाठी थांबले आहे.

ते खोटं आहे. घरी आले तर तुझं पत्र आलं होतं. त्यात लिहिलंयस, "पेरिना, तू जेवतेस का?" आठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. दिंको गेला हे कळवलं तर तू आणखी एक पत्र लिहिशील, कदाचित दोन. मग तुलाही शोधायला काही उरणार नाही आणि मलाही लिहायला.


१४ एप्रिल

बार्तुल,

पेटी उघडली. दिंकोचा लोकरी कोट नाही. मोठा पावही नव्हता, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. थंडीची आणि पोटाची सोय करून गेलेला दिसतो. म्हणजे तू म्हणतोस तसंच असेल.

मी जेवते. कालच भाजी आणि उकडलेले बटाटे केले होते. फुमा रोज डोकावते, ताटात बघते, टोमणे मारते आणि जाते.

स्मोकोवात माकुळांनी एका दोरीवर अंडी घातली आहेत. मी रोज जाऊन बघून येते. बाकी विशेष काही नाही.

लिहीत जा.

पेरिना


१० मे

बार्तुल,

तुझी दोन पत्रं एकदम आली. कोटाचं वाचून तू रस्त्यात बसून रडलास, आनंदाने. ते वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, म्हणून दुसरंच लिहिते.

"माझी पेरिना" असं लिहायला तुला कुणी सांगितलं? ते वाचून मी पत्र उलटं ठेवलं आणि भांडी घासायला घेतली. घासून झाल्यावर परत वाचलं. पळून जाताना तू दाराशी थांबला होतास आणि मी झोपल्याचं सोंग केलं, असं तुला वाटतं. मी सोंग केलं नव्हतं, खरंच झोपले होते. दिवसभर कारखान्यात मासे भरून आलेली बाई आणखी काय करणार? त्याच्यावर तू आठ वर्षं राग धरून बसलास, शहाणाच आहेस.

आज खाडीच्या तोंडाशी लांबोडी नळ-माकुळं बघितली. पंचवीसतीस असतील, एका ओळीत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बायका बसतात तशी. मी हात हलवला तर सगळी एकाच वेळी लाल झाली आणि नाहीशी झाली. ती थांबत नाहीत. माकूळ थांबतं, बघतं, म्हणून तर भाल्याला लागतं. दिंको म्हणायचा, चौकसपणा हाच त्याचा रोग.

आता माद्या मरायला लागल्या आहेत. अंडी घालून झाली की त्यांचे रंग जातात. पांढऱ्या पडून पाण्यावर येतात आणि जिवंत असतानाच समुद्रपक्षी डोळे टोचतात. बघवत नाही. पण त्यांचं एका अर्थी बरं आहे. त्यांना पुढे जगून दाखवावं लागत नाही.

दोरीवरच्या अंड्यांचा काळा रंग फिका होत चाललाय. उजेडात धरल्यासारखं आतलं दिसतं. नखाएवढं पिल्लू, पण डोळे पूर्ण, आणि आतल्या आत रंग बदलायचा सराव करत असतं.

जेनोआच्या बंदरात कुणी कारकून तुला म्हणाला की बेटावरच्या बोलीत बोलणारा एक पिंगट केसांचा पोरगा अर्जेंटिनाच्या जहाजावर चढला. बार्तुल, पिंगट केसांची पोरं काय थोडी आहेत? तू म्हणतोस खोली सोडतो, खाट आणि सायकल विकतो, मीही जातो. घाई करू नकोस. चौकशी कर. मला विचारल्याशिवाय काही करू नकोस.

पेरिना


२९ मे

बार्तुल,

तिकीट काढलंस असं लिहिलंयस. एकवीस जूनचं जहाज.

जाऊ नकोस. दिंको मेला आहे. त्याच सकाळी, स्मोकोवात. पाण्याखालच्या कपारीत माशामागे शिरला असावा आणि त्याचीच दोरी त्याला अडकली. होडी वाऱ्याने नेली. कोट घरात आहे, तो कुठे गेला नव्हता. पावाचंही मी मनाने रचलं. दोरीचं मी तुला लिहिलं होतं ना, अंडी घातलेली? ती त्याची दोरी आहे. मला एप्रिलपासून माहीत आहे.

का सांगितलं नाही ते विचारशील. तू विचारपूस करत होतास, म्हणून. मला ती हवी होती. यापेक्षा चांगलं कारण माझ्याजवळ नाही. मेलेल्या पोराच्या जिवावर मी नवऱ्याची पत्रं खाल्ली, असं म्हण. मी नाही म्हणणार नाही.

तू मला नंतर काय हवं ते बोल. आधी तिकीट परत कर.

पेरिना


९ जून

बार्तुल,

तुझं पत्र पोचलं. "माझी पेरिना" नाही, नुसतं "पेरिना". ठीक आहे.

तू म्हणतोस, पोलीस शेजारी बसून माझ्याकडून लिहून घेतायत. मुलगा मेला म्हटलं की बाप धावत येईल आणि धक्क्यावर हातात सापडेल, असा डाव आहे. किंवा डाव माझाच आहे, तू दूर जाऊ नयेस म्हणून. म्हणतोस, "भाला घेऊन माकुळं मारायला जाणारा पोरगा लोकरी कोट नेत नाही. कोट गेला हे तू आधी लिहिलंस, तेव्हा तुला खोटं बोलायचं कारण नव्हतं. आता आहे." हे मीच तुला शिकवलं, माझ्याच हाताने. शिमुन भावोजींकडून चार ओळी लिहून घ्याव्यात असं मनात आलं, पण तू आधीच लिहून ठेवलंयस की तेही तसंच लिहितील.

काल त्याला वर काढलं. मीच शिमुन भावोजींकडे गेले आणि सांगितलं. ते जाळं शिवत होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, कधीपासून माहीत आहे?" मी सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गावातली पोरं अजून रोज कुठला ना कुठला काठ धुंडाळून येतात. दिंकोच्या नावाने." एवढंच. नंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

कंबर दुखत असताना ते स्वतः उतरले. पहिल्या खेपेला सुरी घेऊन गेले. मला वाटलं, दोरी कापून त्याला मोकळा करतायत. नाही. अंडी असलेला तेवढा भाग त्यांनी वरून आणि खालून कापला, दगडाला बांधला आणि पलीकडच्या वाळूवर नीट उभा करून ठेवला. वर येऊन धापा टाकत बसले. मग परत खाली गेले, पुतण्यासाठी. मी काठावर उभी होते. मला बघू दिलं नाही. फुमाने आणि दुसऱ्या दोघींनी त्याला चादरीत घेतलं. फुमाने मला एकही टोमणा मारला नाही, तेव्हा मला कळलं की आता कुणी माझ्या ताटात डोकावणार नाही.

तुझ्या पत्रात शेवटी आहे, "दिंकोच्या गळ्याची शपथ घेऊन सांग की तो मेला. मग मानतो."

हे लिहून झाल्यावर परत वाचलंस का? गळ्याची शपथ खोटी घेतली तर त्या माणसाचं वाईट होतं, म्हणून कुणी ती खोटी घेत नाही. त्याचं आता काय वाईट व्हायचं राहिलंय? त्याच्या गळ्याची शपथ आता कुणीही, कशीही घ्यावी. तू मला एकच मागितलंस, बार्तुल, आणि तेच माझ्याजवळ नाही. माझ्या गळ्याची घेते. ती तुला पुरत नसेल तर त्यालाही कारण मीच आहे.

शनिवारी त्याला तुझ्या वडिलांशेजारी ठेवतोय. ये असं मी म्हणत नाही. आलास तर पकडतील, मलाही ते नको आहे. तू अंकोनातच राहा. मला लिहू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, नवीन बाई बघ हवी तर. फक्त एकवीस तारखेला त्या जहाजावर चढू नकोस. त्या परक्या देशात, दिसेल त्या पिंगट केसांच्या पोराला थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत म्हातारा होऊ नकोस.

तो तिथे नाही. तो इथे आहे, आतल्या खोलीत, आणि मी त्याच्या शेजारी बसून हे लिहिते आहे.

पेरिना